सिकलसेल आहे म्हणून सायकल बंद करू नका

वस्तीत तपासणीला बसलो की एक वाक्य आमच्या कानावर हमखास पडतं, "मॅडम, पोरीला सिकल निघाला, आता तिची सायकल बंद केली." मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. तपासणीचा कागद घरी येतो आणि सायकल भावाकडे जाते. मग पोरीची शाळा दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहते. भीतीपोटी होतं हे, आम्हाला कळतं. पण कागदावर नेमकं काय लिहिलंय, हे बहुतेक घरांत नीट वाचलेलंच नसतं.

कागदावर 'एएस' असेल तर मुलगी वाहक आहे, आजारी नाही. तिला सायकलच काय, कबड्डीही खेळता येते. फक्त कडक उन्हात, पाणी न पिता, दम तुटेपर्यंत जोर करायचा नाही. 'एसएस' असेल तर तो आजार आहे. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला किंवा अंगाबाहेर श्रम झाले की हे अडकणं वाढतं. एसएस असलेल्यानेही हातपाय हलवायला हवेत, पण बेताने. नुसतं बसून अंगातली ताकद उतरते, ती वेगळीच. बेताचा व्यायाम म्हणून सायकल आम्हाला बरी वाटते, कारण अंगाचा भार सीटवर राहतो, गुडघ्यांवर आणि खुब्यावर कमी येतो. मात्र खुब्यात आधीपासून दुखत असेल, किंवा दुखण्याचा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलवर बसू नये.

कोकणातले लोक समुद्राच्या कडेने सायकल चालवतात. आपल्याला समुद्र लांब, पण पाण्याचा काठ लांब नाही. बुलढाण्याहून चिखली रस्त्याने सहा-सात किलोमीटरवर येळगावचं धरण आहे, पैनगंगेवरचं, ज्याचं पाणी बुलढाणा शहर पितं. राजूर घाटासारखा जीव काढणारा चढ या वाटेवर नाही. नवशिक्याने रमतगमत तासाभरात पोहोचावं. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात ठेवा. पाणी नेहमी खालच्या अंगाला साठतं. म्हणजे जाताना एकंदरीत उतार आणि परतताना चढ. जाताना पोरं हुशारीने दामटतात आणि येताना धापा टाकतात. एसएस असलेल्याने निम्म्याहून जास्त ताकद परतीसाठी राखून ठेवावी. चढ आला की उतरून सायकल हातात धरून चालावं, त्यात कसली लाज? पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलोमीटर जाऊन माघारी फिरलं तरी पुष्कळ झालं.

रस्ता महामार्गाचा आहे, ट्रक धावतात. डावीकडून, एकामागे एक चला. ओढणी आणि पदर कमरेला खोचा, साखळीत ओढणी अडकून पडलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. (समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेला, पण त्यावर सायकलला बंदी. आपल्या वाट्याला ट्रकांच्या कडेची पट्टीच आली.)

निघायची वेळ सगळ्यांना एक नको. बीपीवाल्या काकांना पहाटे सहाला निघू द्या. पण बुलढाणा डोंगरावर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा हाडात शिरतो आणि तोच एसएस रुग्णाचं दुखणं उठवतो. त्या दिवसांत ऊन अंगावर आल्यावर, आठच्या पुढे, कानटोपी-स्वेटर घालून निघावं. उन्हाळ्यात उलट, नऊच्या आत घरी. पाण्याची लिटरभर बाटली प्रत्येकाची वेगळी हवी, आणि तहान लागायची वाट न पाहता दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट प्यायचे.

काठावर पोचलात की सावलीत बसा, डबा खा. पाण्यात उतरू नका. गार पाण्यात डुंबल्यावर दुखण्याचा झटका आल्याचं सिकलसेलमध्ये नेहमी दिसतं. दुसरं म्हणजे येळगावचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याची पातळी चढली की ते आपोआप उघडतात, कुणी येऊन कळ दाबत नाही. पावसाळ्यात भिंतीजवळ आणि खालच्या पात्रात पोरांना अजिबात जाऊ देऊ नका.

वाटेत छातीत दुखलं, बसल्यावरही दम कमी होईना, हाडांचं दुखणं वाढत गेलं, ताप भरला, किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर घरी नेऊन शेक देत बसायचं नाही. १०८ला फोन करून सरळ दवाखाना, आणि दारातच सांगायचं की रुग्ण एसएस आहे. फॉलिक ॲसिडची आणि डॉक्टरांनी सुरू केलेली दुसरी गोळी सायकल चालू झाली म्हणून सोडायची नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा.

ज्यांच्या घरी तपासणीच झालेली नाही, त्यांनी ती आधी करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत आहे. पहिली सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीत कळतं. तो दुसरा कागद मागून घ्या. पहिल्याच कागदावर पोरीची सायकल काढून घेणारी घरं आम्ही खूप पाहतो.

आयांनीही शिकावं, कारण पोरीसोबत कुणीतरी हवंच. "या वयात?" असं म्हणाल तर तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईकडे बघा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता चळवळीत लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आहे. त्यांत मजुरी करणाऱ्या दलित बायाही होत्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि मधल्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून त्याच पसंत केल्या.

घरातली जुनी सायकल काढाल तेव्हा आधी ब्रेक बघा, मग सीट. पायडल अगदी खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील इतकी सीट उंच हवी. आपल्याकडे पडायच्या भीतीने सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला नावं ठेवतात. एक पाना लागतो, दुकानदार दोन मिनिटांत करून देतो.