बाबा रात्री सारखे का उठतात? गोष्ट प्रोस्टेटची

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ऐकलीच असेल. आजचा भाग त्याच अवघड जागेबद्दल. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण पन्नाशी ओलांडलेले बाबा, काका, मामा सगळ्यांच्याच घरी असतात. त्यामुळे हेडफोन काढा आणि स्पीकरवर लावा, त्यांनाही ऐकू दे.

प्रोस्टेट ही पुरुषांमधली एक ग्रंथी. अक्रोडाएवढी, वजन 20 ग्रॅमच्या आसपास. वीर्यातला काही द्रव बनवणं हे तिचं काम. गोची आहे ती जागेची. ती लघवीच्या पिशवीच्या अगदी खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते, मण्यातून दोरा जावा तशी. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं. त्याच्या परिणामामुळे वयानुसार मणी फुगत जातो आणि दोरा आवळला जातो.

मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, पिशवी रिकामी झाल्यासारखी वाटत नाही, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. आता गंमत बघा: ग्रंथी किती मोठी, यावर त्रास किती हे ठरत नाही. कुणाची थोडीशी वाढूनही हाल होतात, कुणाची बरीच वाढूनही काही जाणवत नाही.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. पण दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून तपासणी हवीच.

आपल्याकडे मात्र ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय संपतो. तिकडे पिशवी रोज जोर लावून दमते. लघवी साठून राहिली की इन्फेक्शन, खडे आणि पुढे किडनीलाही त्रास होऊ शकतो. कधी कधी लघवी अचानक पूर्ण बंद होते. पोट फुगतं, वेदना असह्य होतात. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं. तिथे नळी घालून पिशवी मोकळी करतात.

आणि हे नीट ऐका: सर्दीच्या काही साध्या गोळ्यांमुळेही असं होऊ शकतं. हा त्रास असलेल्या माणसासाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

डॉक्टर काय करतात? आधी 7 प्रश्न विचारून 35 पैकी स्कोअर काढतात: 7 पर्यंत सौम्य, 19 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मग लघवीची तपासणी, सोनोग्राफी, गुदद्वारातून बोटाने तपासणी, गरजेप्रमाणे पीएसए ही रक्ततपासणी. शुगरही बघतात, कारण रात्री उठण्यामागे डायबिटीसही असू शकतो.

त्रास कमी असेल तर संध्याकाळनंतर पाणी आणि चहा आटोक्यात ठेवूनही फरक पडतो. टॅम्सुलोसिनसारखी औषधं नळीभोवतीचे स्नायू सैल करतात. काही दिवसांतच बरं वाटू लागतं, पण उठताना चक्कर येऊ शकते. फिनास्टेराइड ग्रंथी लहान करतं, मात्र त्याला सहाएक महिने द्यावे लागतात. एवढ्यानं भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन.

लघवीत रक्त दिसलं तर मात्र वाट बघू नका.

बाबा स्वतःहून बोलणार नाहीत. पुढच्या फोनवर ‘जेवलात का?’ झालं की एवढंच विचारा: ‘रात्री किती वेळा उठता?’