घरकुलाचा स्लॅब टाकण्याआधी



धानाची मळणी आटोपली की आपल्याकडे घरबांधणीचा हंगाम सुरू होतो. रेती पडते, विटा येतात, मिस्त्री ठरतो. खोल्या किती, दार कुठल्या दिशेला, देवघर कुठे, सगळ्याची चर्चा होते. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता या घरात बसवेल का, हे कोणी विचारत नाही. त्या वेळी घरात असते कोण? विडी वळणारी बाई, बाळंतीण, तान्हे लेकरू आणि म्हातारी सासू. म्हणून हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

घर कसे बांधावे हे हवामानावर ठरते. आपल्या देशाच्या बांधकाम संहितेने हवामानाचे पाच विभाग केले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण, थंड आणि संमिश्र. सोलापूरकडची हवा उष्ण-कोरडी. तिथे जाड भिंती आणि लहान खिडक्या बऱ्या. मुंबई-रत्नागिरीची हवा दमट. तिथे उतरते छप्पर आणि समोरासमोर मोठ्या खिडक्या हव्यात, कारण अंगावरचा घाम वाऱ्यानेच वाळतो. लेहमध्ये आतली ऊब बाहेर जाऊ नये याची काळजी. इंग्लंडसारख्या थंड देशात तर माळ्यावर २७ सेंटिमीटर जाडीचा काचलोकरीचा थर अंथरण्याची शिफारस असते. घराला घातलेली गोधडीच ती.

आणि आपण? ज्या ठिकाणी कोणताही एक ऋतू सहा महिन्यांहून जास्त टिकत नाही, तो विभाग संमिश्र. नागपूर याच विभागात येते आणि आपले गोंदियाही तसेच. एप्रिल-मे कोरडा आणि भाजून काढणारा, पारा पंचेचाळीसच्या आसपास. जून ते सप्टेंबर पाऊस आणि चिकचिक. डिसेंबर-जानेवारीत अशी थंडी, की विदर्भातले सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियाचेच असते. म्हणून आपल्या घराला तीन कामे करावी लागतात: उन्हाळ्यात ऊन अडवणे, पावसाळ्यात वारा खेळवणे आणि हिवाळ्यात ऊब राखणे. उन्हाळ्यात गार हवा देणारा कूलर जुलैत का कामाचा राहत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हवेत आधीच ओल असली की पाणी वाळत नाही, आणि पाणी वाळले नाही तर गारवा येत नाही.

जुनी मातीची घरे ही तिन्ही कामे करायची. हात-दीड हात जाडीची भिंत दुपारचे ऊन पोटात ठेवून घ्यायची आणि ते आत पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची. खाली शेणामातीने लिंपलेला माळा असायचा. कवेलू आणि माळा यांच्यामधली हवा हेच उष्णतारोधन, म्हणजे उष्णता अडवणारा थर. पण माकडे कवेलू फोडतात, दरवर्षी मृगाआधी ते फेरावे लागतात, आणि आता फेरणारी माणसेही मिळत नाहीत. म्हणून टिन आले, स्लॅब आले. त्यात कोणाचा दोष नाही. पक्के घर हवेच. फक्त जुन्या छपराचा गुण नव्या छपरात कसा आणायचा, ते पाहू.

आधी छप्परच का? गोंदिया कर्कवृत्ताच्या थोडे खाली आहे. मे अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. भिंतींना ऊन तिरपे लागते, छपराला मात्र सरळ, तेही दिवसभर.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये नव्या घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. भिंतींसाठी तिने थंड विभागाला वेगळी आणि बाकीच्या चार विभागांना वेगळी मर्यादा घातली आहे. छपराची मर्यादा मात्र पाचही विभागांना एकच. वरच्या आणि खालच्या हवेत एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटर छपरातून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. आपला नेहमीचा चार इंची उघडा स्लॅब याच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो.

हे घरकुलाच्या हिशेबात पाहा. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. तापलेला स्लॅब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असला, तर साधारण १८०० वॅट उष्णता आत येते. म्हणजे डोक्यावर जवळजवळ दोन विजेच्या इस्त्र्या दुपारभर चालू! संहितेची मर्यादा पाळली तर तीच उष्णता सहाशे वॅटवर येते.

पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामासाठी आहे. आपल्या घरकुलाला ती लागू नाही, म्हणून तपासायला कोणी येणार नाही. दुसरी बाजू अशी, की पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला ठेकेदार नेमायचा नसतो. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, आणि शक्यतो ते बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर मंजूर होते. म्हणजे मिस्त्रीला सांगण्याचा हक्क तुमचा आहे.

काय सांगायचे?

पहिले, स्लॅबवर नुसते सिमेंट ठेवू नका. जमत असेल तर जलरोधक काम करताना अडीच-तीन सेंटिमीटरचा टणक थर्माकोल किंवा फोम घालून वर कोबा करा. तेवढ्याने मर्यादा पाळली जाते. मात्र हा थर ओला झाला की निकामी होतो, म्हणून पाणी मुरणार नाही असे काम हवे. तेवढे जमत नसेल तर वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवा. तेही नाही, तर दर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो आणि घरात दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये बायकांनी पांढऱ्या छपरांचे काम केले आहे, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले.

दुसरे, टिनाचे घर असेल तर टिनाखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करा, आणि गरम हवा निघायला दोन्ही टोकांना झरोके ठेवा. वरून टिन पांढरे करा. तणस मात्र घालू नका. तिला आग लवकर लागते आणि घुशी-उंदीर घर करतात.

तिसरे, घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाने ठेवा. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढा. उन्हाळ्याचे उंच ऊन त्याने अडते, पण डिसेंबरचे तिरपे ऊन आत येते. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापते. तिकडे सपरी काढा किंवा दोडक्याचा, वालाचा मांडव घाला.

चौथे, खिडक्या समोरासमोर हव्यात. दिवसा बंद, सूर्य बुडाल्यावर उघड्या. पावसाळ्यात दिवसभर उघड्या.

पाचवे, विटांबद्दल. राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात आणि मजबूतही असतात, पण त्या लाल विटेपेक्षा घर फार थंड ठेवतील असे समजू नका. उष्णता अडवते ती कोंडलेली हवा. म्हणून हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक जास्त उपयोगी. विटाच वापरायच्या तर आत पोकळी ठेवणारा 'रॅट-ट्रॅप' बांध मिस्त्रीला येतो का, विचारा. त्यात विटाही सुमारे पाव हिश्शाने वाचतात.

पैसा कमी असेल तर आधी छप्पर, मग पश्चिमेची सावली, मग बाकीचे, हा क्रम धरा. फरशीचा रंग पुढच्या वर्षी ठरवता येईल. स्लॅब एकदाच पडतो. म्हणून तो पडण्याआधी मिस्त्रीला चहा द्या आणि विचारा, "भाऊ, यावर ऊन अडवायला काय टाकणार?"