खोड सांगून विकलेली गाडी

धारणीत राहणाऱ्या माणसाला अंतर नुसते किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही. अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर म्हटले की खालच्या मैदानातला माणूस तीन तासांचा हिशेब करतो. पण हरिसाल गेले, सेमाडोह गेले, सिपनेचा काठ सुटला, घाटाची वळणे संपली, की कुठे परतवाड्याचे दिवे दिसतात. मधल्या जंगलात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. अवेळी कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर दारातली गाडी ही हौस राहत नाही. ती घाटात बंद पडणार नाही एवढीच प्रार्थना असते.

म्हणूनच मागच्या दिवाळीनंतर आमच्या ओळखीच्या एका परिचारिका बाई गाडी घ्यायचे म्हणू लागल्या, तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. यजमान नोकरीला अकोल्यात, घरात दोन लेकरे आणि दम्याच्या सासूबाई. नवी गाडी परवडत नव्हती. त्याच सुमारास गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी आपली नऊ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी विकायला काढली. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रात्री चालवणे जमत नव्हते. गुरुजींनी सांगितले, दोन लाख दहा हजार. बाईंचा भाऊ म्हणाला, सव्वा लाखाच्या वर एक रुपया नाही. दोघेही आमच्या ओट्यावर आले आणि गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही बँकेत कर्जाचं काम केलं. आता तुमीच सांगा काय द्याचं-घ्याचं ते."

बँकेत गाड्यांच्या कर्जाची प्रकरणे माझ्या हाताखालून पुष्कळ गेली होती. पण कागदावरची किंमत आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली किंमत यांत फरक असतो. इथे दोघांना दर आठवड्याला बाजारात एकमेकांचे तोंड पाहायचे होते.

दात मोजण्याची विद्या

आपल्या वऱ्हाडात जुन्या वस्तूची पारख नवी नाही. बैलबाजारात माणूस आधी दात पाहतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती, की जुळलेला. मग चालवून पाहतो, जमले तर जुंपून पाहतो. गाडीचेही तसेच असते. फक्त तिचे दात कुठे असतात, हे ठाऊक हवे.

आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने पहिली ताकीद दिली, "गाडी थंडी असतानीच चालू करून पाहा लागते. गरम गाडी खोटं बोलते." म्हणून भल्या सकाळी गेलो. त्याने बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली आणि मगच चावी फिरवली. धुराकडे पाहण्याची त्याची रीत सोपी होती. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळते. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. सकाळची थोडी वाफ चालते, पण पांढरा धूर निघतच राहिला तर थंडाव्याचे पाणी आत झिरपत असल्याची शंका घ्यावी. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तरी तीच शंका.

मग त्याने खिशातून लोहचुंबक काढून दारांवरून आणि मडगार्डवरून फिरवले. पत्र्यावर ते चिकटते, रंगाखाली लांबीचा जाड थर असेल तिथे सुटते. गाडी कुठे ठोकली गेली होती, हे यावरून कळते. सगळ्या काचांवरचे छापील शिक्के एकमेकांशी जुळतात का, हेही पाहिले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली, तरी सात-आठ वर्षांचे रबर घाटात भरवशाचे नाही.

मीटरवर अडतीस हजार किलोमीटर होते. नऊ वर्षांत घरची गाडी साधारण दुप्पट तरी चालते, म्हणून बाईंच्या भावाला संशय आला. मीटर मागे फिरवण्याचे उद्योग चालतात, हे खरेच आहे. पण मीटर फिरवणारा माणूस पायाखालच्या पेडलची रबरे आणि स्टिअरिंगची झीज विसरतो. इथे रबरे शाबूत होती. शिवाय गुरुजींनी सर्व्हिसिंगची एकूण एक पावती दप्तरात लावून ठेवली होती. शाळेचे हजेरीपत्रक चाळीस वर्षे लिहिलेला हात तो!

गालिचा उचलून खालचा पत्रा आणि सीटच्या पट्ट्याही पाहिल्या. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात, २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून लांबच्या बाजारात खपवता येते. तिचा गाळ गालिच्याखाली आणि गंज सीटच्या पट्ट्यांत उरतो.

आकडा कुठून येतो

गुरुजींचा दोन लाख दहा हजारांचा हट्ट समजण्यासारखा होता. त्यांच्या पिढीने गाडीची चणचण पाहिली आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली, तेव्हा त्या गाडीची किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. पण नंबर लावून वाट पाहावी लागे आणि नंबर लागलेली गाडी वर पैसे घेऊन विकली जाई. गाडी म्हणजे सोने, ती समजूत तेव्हाची. तीच मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली. आता गाडी हवी त्या दिवशी मिळते, आणि दुकानातून बाहेर पडली की तिचे मोल उतरू लागते.

किती उतरते, याचा एक छापील कोष्टक विम्यात असतो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि गाडीमालक आपसात ठरवतात. ही घट मोजायची आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून. मालकाने तेव्हा किती मोजले होते, त्यावरून नव्हे. गुरुजींची गफलत इथेच झाली होती. त्यातही २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नवी स्वस्त झाली की जुनीने उतरायलाच हवे.

आम्ही वहीत मांडले. तशीच नवी गाडी आज साडेचार लाखांची धरली. पाच वर्षांनी निम्मी, म्हणजे सव्वादोन लाख. पुढे दर वर्षी उरलेल्या किमतीचा दहावा भाग कमी करत गेलो, तर नवव्या वर्षी साधारण एक लाख अठ्ठेचाळीस हजार येतात. ही झाली मध्यम अवस्थेतल्या गाडीची पुस्तकी किंमत.

दुसरी बाजू बाजाराची. परतवाडा, अमरावती, अकोला इथे विकायला असलेल्या तशाच गाड्यांची चौकशी केली. मागणी साधारण एक लाख नव्वद हजारांची होती. मागणीवर सौदा कधीच तुटत नाही, दहावा भाग तरी सुटतो. राहिले एक लाख एकाहत्तर हजार. गुरुजींची गाडी एकहाती, कमी चाललेली, पावत्यांसकट. तिला वरचा आकडा द्यायला हरकत नव्हती.

आता त्यातून खर्च वजा करायचा. टायर सुमारे बारा हजारांचे, बॅटरी साडेचार हजारांची. पण नऊ वर्षांच्या गाडीला कोरे टायर कोण देतो? अर्धे झिजलेले असणारच, म्हणून त्यांचा निम्माच खर्च धरला. क्लच घाटाने खाल्ला होता. त्याचे सात हजार पूर्ण धरले.

बाईंच्या भावाने इथे आणखी एक गोष्ट काढली. बऱ्हाणपूरकडून दिल्ली पासिंगची एक गाडी नव्वद हजारांत मिळत होती. आमच्या धारणीला अमरावतीपेक्षा बऱ्हाणपूर जवळ, त्यामुळे असे मोह नेहमीचेच. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाचे आदेश निघाले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, तेव्हापासून तिकडच्या उतारवयाच्या गाड्या स्वस्तात देशभर पांगल्या. पण परराज्यातल्या गाडीला तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर आणि इथला कर. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून त्याहून जास्त. पर्यावरण कर वेगळा. गुरुजींच्या गाडीला अजून सहा वर्षे होती, त्या गाडीला दोन. मी भावाला एवढेच म्हटले, "गाडी विकत घेतो म्हणजे तिची उरलेली वर्षं विकत घेतो. भागाकार करून पाहा." त्याने केला. त्या गाडीचे वर्षाला पंचेचाळीस हजार पडत होते, कर वेगळा. गुरुजींची गाडी वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास येत होती.

खोड

सौदा जवळ आला होता आणि गुरुजी एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या उन्हाळ्यात सेमाडोहच्या वर ती एकदा तापली होती. पाणी टाकून आणली. नंतर मी घाटात नेलीच नाही."

भावाने माझ्याकडे पाहिले, 'आता बोला' अशा नजरेने. गुरुजी बोलले नसते, तर त्या सकाळच्या पंधरा मिनिटांच्या फेरीत कुणालाच हे कळले नसते.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा. तिकडे फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. त्यांचे सांगणे असे की, गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्या लिंबू धरून कमी भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही आणि बाजारात लिंबेच उरतात. बाईंच्या भावाचा सव्वा लाखाचा आकडा हा असाच भीतीतून आलेला होता. आपल्याकडची जुनी माणसे मात्र निबंध न वाचताच सांगत, की बैल विकावा तर खोड सांगून विकावा.

मिस्त्रीने रेडिएटर उघडून पाहिला. जाळ्या चोंदल्या होत्या, इंजिनाच्या हेडला धक्का लागलेला नव्हता. खर्च पाच हजार. टायर-बॅटरीचे सव्वाआठ हजार, क्लचचे सात आणि हे पाच मिळून वीस हजार दोनशे पन्नास झाले. एक लाख एकाहत्तर हजारांतून ते वजा केले, आणि राहिले दीड लाख आणि वर साडेसातशे. साडेसातशे गुरुजींनी स्वतःच सोडले.

बाईंचा भाऊ अजून सव्वा लाखावर घुटमळत होता. पण बाईच म्हणाल्या, "दादा, त्यांनी आपल्याले न विचारता सांगितलं. आता अजून काय पाह्यजे?"

इसार दिला गेला. त्याच संध्याकाळी कागद काढले. सरकारी परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव, विमा आणि बँकेचा बोजा तपासला. २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सह्या झाल्या. नव्या पद्धतीची सुरक्षा नंबरपाटी, जी १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची आहे, ती गुरुजींनी आधीच लावलेली होती. "सह्या झाल्या, पैसे मिळाले, आता मी मोकळा," असे ते म्हणाले, तेव्हा मी त्यांना थांबवले. विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवून घ्यायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे, की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईच्या बाबतीत मालक तोच. गाडी मधल्या काळात चार हातांतून गेली असली, तरीही. विम्याची पॉलिसीही त्याच वेळी नव्या नावावर करून घ्यावी. पुष्कळ साध्या माणसांची झोप या एका आळसाने उडालेली आहे.

फेब्रुवारीत एका रात्री सासूबाईंना दम्याचा जोराचा झटका आला. यजमान सुटीवर घरी होते. अमरावतीला पोचले तेव्हा उजाडत होते. सासूबाई चार दिवसांनी परतल्या. गुरुजी भेटायला गेले आणि आजारपणाची चौकशी व्हायच्या आधीच दारात थांबून त्यांनी विचारले, "घाटात तापली तर नाही ना?"

"नाही गुरुजी," बाई म्हणाल्या, "सुई अर्ध्यावरच होती. मी रस्ताभर तिच्याकडेच पाहत होते."

मग गुरुजी आत जाऊन बसले.