आलेख कागदावर बीड जिल्हा

फळ्यावर (३, ५) असें लिहिलें, कीं पुष्कळ विद्यार्थी बिचकतात : आधीं आडवें मोजावयाचें कीं उभें? आम्हीं स्वतः एका परीक्षेंत हा क्रम उलटा धरून सगळे बिंदू भलतीकडे मांडले होते. म्हणून हा विषय आपल्याच जिल्ह्याच्या नकाशावरून सांगण्याचें योजिलें आहे.

कागदाच्या मध्यभागीं बीड शहर आहे असें समजा. हा आरंभबिंदु. त्यांतून जाणारी पूर्व-पश्चिम रेघ ती क्ष-अक्ष, दक्षिणोत्तर रेघ ती य-अक्ष. पूर्व व उत्तर या दिशा धन, पश्चिम व दक्षिण ऋण. एक घर म्हणजे अंशाचा दहावा भाग, सुमारें ११ किलोमीटर. (आपल्याकडे आडवें घर खरें पाहतां साडेदहाच भरतें, कारण उत्तरेस जावें तसतशीं रेखावृत्तें जवळ येतात, तूर्त तिकडे कानाडोळा करूं.)

बीडचे अक्षांश सुमारें १८.९९ व रेखांश ७५.७६, परळीचे १८.८५ व ७६.५३. वजाबाकी केली म्हणजे परळी पूर्वेस ०.७७ व दक्षिणेस ०.१४ अंश येते. जवळच्या पूर्ण घरांत (८, -१). पहिली संख्या नेहमीं आडवी, दुसरी उभी. याच रीतीनें माजलगांव (५, २), अंबाजोगाई (६, -३), आष्टी (-६, -२). गेवराई जवळजवळ थेट उत्तरेस, म्हणून (०, ३). ती कोणत्याच चरणांत न जातां य-अक्षावरच बसते. उरलेल्या चरणासाठीं गोदावरी ओलांडून पैठण घेतलें, तें (-४, ५).

आतां परळीच्या संख्यांची अदलाबदल करून पाहा. (-१, ८) हा बिंदु गोदावरीपलीकडे, जालन्याच्याही पश्चिमेस पडतो! वैजनाथाच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू कोठें पोहोंचेल, तें वाचकांनींच ठरवावें. कंसांतील क्रमाविषयीं शिक्षक इतके हट्टी कां असतात, हें यावरून ध्यानीं येईल.

बिंदु आणि संख्यांची जोडी यांची ही सांगड फ्रेंच गणिती देकार्त याच्या १६३७ सालच्या ग्रंथानें रूढ होण्यास मोठें साह्य झालें. आरंभबिंदु मात्र आपल्या मर्जीचा. परळीकर मुलानें परळीच मध्यभागीं घेतली, तर बीड (-८, १) होईल. गांवें जागचीं हलणार नाहींत, त्यांमधील अंतरेंही तींच राहतील.

केज व पाटोदा हीं गांवें आम्हीं मुद्दाम सोडलीं आहेत. घरीं नकाशा असल्यास पालकांनीं तीं मुलांकडून मांडून घ्यावीं.