खंडीचा भाव आणि डॉलरचा दर : खानदेशातून आंतरराष्ट्रीय वित्ताची पदवी

एका देशाचे चलन दुसऱ्या देशाच्या चलनात कोणत्या दराने बदलते, तो दर कशामुळे हलतो आणि त्या हालचालीचा भार व्यापारी, बँक, कंपनी व सरकार यांच्यापैकी कोणावर पडतो, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्त. बारावीनंतर हाच विषय प्रमुख म्हणून घेऊन पदवी मिळवता येते. तरीही जळगाव-धुळ्याच्या घरांत या अभ्यासक्रमाचे नाव निघाले की तो मुंबई, दुबई किंवा लंडनच्या मुलांसाठी असावा, असे सहज गृहीत धरले जाते. हा समज दूर होणे अगत्याचे आहे, कारण या विषयातील बहुतेक संकल्पना खानदेशच्या बाजारात फार पूर्वीपासून वावरत आहेत.

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईमार्गे जाणाऱ्या हिंदी कापसाचा भाव भडकला. खानदेशातील शेतकऱ्याच्या हाती अनपेक्षित पैसा आला आणि युद्ध संपताच भाव कोसळल्यावर तो तितक्याच वेगाने ओसरला. हजारो मैलांवरील घटनेचा धक्का स्थानिक उत्पन्नाला कसा बसतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण परदेशी पाठ्यपुस्तकात शोधण्याची गरज नाही.

आजचा हिशेबही त्याच वाटेने जातो. जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव आपल्याकडे खंडीवर, म्हणजे सुमारे 356 किलोंवर बोलला जातो, तर न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात तो एका पौंडाला इतके सेंट असा सांगितला जातो. एका खंडीत 784 पौंड असतात. समजा, न्यूयॉर्कचा भाव पौंडाला 70 सेंट आहे. म्हणजे एका खंडीचे 548.80 डॉलर होतात. डॉलर 85 रुपयांना असेल तर ही रक्कम 46,648 रुपये होते आणि 87 रुपयांना असेल तर सुमारे 47,746 रुपये. कापूस तोच, न्यूयॉर्कचा भाव तोच, फरक केवळ विनिमय दराचा, आणि तो खंडीमागे जवळजवळ 1,100 रुपयांचा आहे. प्रत्यक्ष व्यवहारात रुईची प्रत, वाहतूक खर्च, आयात शुल्क आणि देशातील मागणी यांचाही परिणाम होतो हे खरे. पण हे कोष्टक ज्याला स्वतः मांडता आले, त्या विद्यार्थ्याने या विषयाचा पहिला धडा समजून घेतला असे म्हणता येते.

दुसरा धडा केळीचा आहे. रावेर-यावल पट्ट्यातील केळी आखाती देशांत जाते आणि जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. निर्यातदाराचा माल आज कंटेनरमध्ये चढतो, पैसे मात्र काही आठवड्यांनी डॉलरमध्ये येतात. दरम्यान डॉलर घसरला तर शेतकऱ्याला रुपयांत दिलेला भाव भरून निघत नाही. या धोक्यावर उपाय म्हणून निर्यातदार बँकेशी वायदा करार करतो, म्हणजे पुढील ठरावीक तारखेला इतके डॉलर अमुक दराने विकण्याचे आजच पक्के करतो. वायद्याचा दर आजच्या हजर दरापेक्षा वेगळा असतो, आणि तो फरक बँकेच्या मर्जीवर नव्हे, तर प्रामुख्याने दोन देशांतील व्याजदरांच्या फरकावर ठरतो. भारतात व्याजदर सामान्यतः अमेरिकेपेक्षा जास्त असल्यामुळे पुढच्या तारखेचा डॉलर बहुधा महाग असतो. यालाच व्याजदर समता म्हणतात. सौदा दुबईच्या दिरहॅममध्ये झाला तरी जोखीम डॉलरचीच राहते, कारण एका डॉलरला 3.6725 दिरहॅम हा दर 1997 पासून बांधलेला आहे. खरेदीदाराची ओळख नसेल तर त्याच्या बँकेने दिलेली लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे योग्य कागदपत्रे सादर होताच पैसे देण्याची लेखी हमी, विक्रेत्याच्या कामी येते.

कर्ज हा या विषयाचा अधिक कठीण भाग असून त्याचेही उदाहरण जळगावातच आहे. ठिबक सिंचनासाठी ओळखल्या जाणाऱ्या जैन इरिगेशनने 2017 मध्ये आपल्या परदेशी उपकंपनीमार्फत 20 कोटी डॉलरचे, 7.125 टक्के व्याजाचे आणि 2022 मध्ये फेडायचे रोखे आंतरराष्ट्रीय बाजारात विकले. पुढे 2019 मध्ये कंपनीला रोख रकमेची चणचण भासली, 2022 मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि 2023 मध्ये तिचा परदेशांतील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन झाला. डॉलरचे कर्ज का घ्यावे, उत्पन्न कोणत्या चलनात आहे आणि हप्ता कोणत्या चलनात, येणे लांबले तर काय होते, हे सारे प्रश्न या एका प्रकरणात एकत्र भेटतात, म्हणून ते खानदेशच्या प्रत्येक वाणिज्य महाविद्यालयात बारकाईने अभ्यासले जायला हवे.

या विषयाची वैचारिक परंपराही मराठी वाचकाला परकी नाही. रुपया सोन्याशी कसा बांधावा, या वादावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंध लिहिला आणि तो ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पाया घालणाऱ्या 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख भारतीय शिष्टमंडळात होते. व्यवहारतोल, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या सर्व देण्याघेण्याचा ताळेबंद, बिघडल्यामुळे 1991 मध्ये सुमारे 47 टन सोने परदेशी मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि 1993 पासून त्याचा दर बाजारावर ठरू लागला. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात सोन्याचा रोजचा भावही जागतिक भाव, डॉलरचा दर आणि आयात शुल्क यांच्या मेळानेच ठरतो.

प्रत्यक्ष प्रवेशाचा विचार करताना पदवीच्या नावाला फार महत्त्व देऊ नये. बंगळूरच्या ख्राइस्ट विद्यापीठात इंटरनॅशनल फायनान्स याच नावाची बी.कॉम. आहे, मुंबई विद्यापीठात फायनान्शियल मार्केट्स किंवा अकाउंटिंग अँड फायनान्स या पदव्या जवळच्या आहेत. बीबीए आणि बीएमएस यांना महाराष्ट्रात 2024 पासून स्वतंत्र सीईटी द्यावी लागते, साध्या बी.कॉम.ला नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, त्या 1990 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून बी.कॉम. करणारा विद्यार्थीही अर्थशास्त्र, लेखाकर्म आणि संख्याशास्त्र पक्के करून या क्षेत्रात येऊ शकतो, कारण सीएफए या वित्त-विश्लेषणाच्या परीक्षेची पहिली पातळी पदवीच्या अखेरच्या टप्प्यात देता येते आणि एसीसीए या लेखाकर्माच्या परीक्षेची तयारीही पदवीबरोबर करता येते.

खरी अडचण त्याआधी, अकरावीतच निर्माण होते. वाणिज्य शाखेत चिटणिसाची कार्यपद्धती किंवा गणित व संख्याशास्त्र यांपैकी एक विषय निवडताना बरीच मुले गणिताच्या धास्तीने पहिला पर्याय घेतात, आणि पुढे वायद्याचा दर, रोख्याची किंमत किंवा जोखमीचे मापन शिकताना त्यांना जागोजाग अडखळावे लागते. इंग्रजी वाचनाची उणीव वर्षभरात भरून काढता येते; गणिताची उणीव भरून काढणे त्याहून कष्टाचे असते. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी ही निवड केवळ गुणांच्या सोयीसाठी होऊ देऊ नये.

शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्याच्या कुटुंबाला तर पदवीपूर्वीच परीक्षा द्यावी लागते. शुल्क ब्रिटिश पौंडात, बापाचे उत्पन्न कापसाचे आणि कर्ज रुपयांत, अशी स्थिती असेल तर तीन वर्षांत पौंड किती चढेल याचा अंदाज कर्जाची रक्कम ठरवतानाच घ्यावा लागतो. उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, ही मर्यादा बहुतेकांना पुरेशी असली तरी पहिल्या वर्षाच्या दराने तिन्ही वर्षांचा हिशेब मांडणे ही चूक फार महागात पडते. दुसरा मार्ग देशातच, खानदेशच्या शेजारी गुजरातमध्ये खुला झाला आहे : गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत परकीय चलनातील व्यवहारांचे केंद्र उभे असून त्याच्या नियमनासाठी 2020 मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तेथील बँकांना डॉलरमध्ये कर्ज देणारी, रोख्यांची नोंद ठेवणारी आणि जोखीम मोजणारी माणसे लागतात, आणि ही कामे खंडीचे कोष्टक मांडता येणाऱ्या धुळ्याच्या मुलीच्या आवाक्यातली आहेत.