खोटा दिलासा देणारे आकडे

जून २०१४ मध्ये आयफोनवर 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं एक ॲप आलं. फोनची कड छातीच्या डाव्या बाजूला टेकवायची, उजव्या हाताची तर्जनी कॅमेऱ्यावर ठेवायची आणि थोडा वेळ स्वस्थ बसायचं. पडद्यावर रक्तदाबाचे दोन्ही आकडे हजर! दंडाला पट्टा गुंडाळायला नको की दवाखान्यात रांग लावायला नको. चार-पाच डॉलर किमतीचं हे ॲप वर्षभरात सुमारे १ लाख ४८ हजार वेळा विकलं गेलं.

ते खरं सांगतं का, याचा छडा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी लावला. त्यांनी ८५ जणांचा रक्तदाब पट्ट्याच्या प्रमाणित यंत्राने मोजला आणि त्याच बैठकीत ॲपनेही. मार्च २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोजणीच्या वेळी ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, त्यांच्यापैकी ७७.५ टक्के लोकांना ॲपने 'वाढलेला नाही' असा कौल दिला होता.

ही चूक कशी होती, ते नीट पाहायला हवं. चढा रक्तदाब ॲप कमी दाखवत होतं आणि उतरलेला रक्तदाब जास्त. म्हणजे सगळ्यांना ओढून मधल्या आकड्याकडे आणत होतं. कल्पना करा, एखादा थर्मामीटर कायम ९८.६ वरच अडकला आहे. ठणठणीत माणसांच्या घरात तो महिनोन्‌महिने बरोबरच वाटेल. त्याची चूक ज्या दिवशी कुणी तापाने फणफणेल त्या दिवशी उघडी पडेल, म्हणजे नेमकी तेव्हाच, जेव्हा त्याची खरी गरज असते. म्हणून एखादं साधन 'सरासरी अचूक' आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. आजारी माणसाच्या बाबतीत ते किती वेळा चुकलं, हे विचारावं लागतं.

मग इतक्या लोकांना ते आवडलं कसं? याच संशोधकांनी पुढे त्याचाही शोध घेतला. ज्यांना ॲपने खऱ्यापेक्षा कमी रक्तदाब दाखवला, त्यांना ते वापरायला अधिक आवडलं होतं. चांगली बातमी कुणाला नको असते? पण याचा अर्थ असा, की ॲपखालच्या तारकांची संख्या त्याच्या अचूकतेबद्दल काहीही सांगत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल ॲपच्या निर्मात्यांवर कारवाई जाहीर केली. ॲप बाजारातून हटलं होतं. पण त्याच्या भरवशावर कुणी गोळी टाळली असेल, तर त्याची नोंद कुठेच नाही.

करोनाच्या साथीत हीच गोष्ट ऑक्सिजनच्या बाबतीत घडली. ऑक्सिमीटर मिळेनासे झाले आणि नुसतं बोट कॅमेऱ्यावर ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप फिरू लागली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन वाहणारं आणि न वाहणारं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून टक्केवारी काढली जाते. फोनच्या फ्लॅशचा प्रकाश पांढरा असतो, त्यात हे दोन नेमके प्रकाश वेगळे काढण्याची सोय नसते. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांनी पुरावे चाळून स्पष्ट सांगितलं, की स्मार्टफोनने मोजलेला ऑक्सिजन अचूक असतो याला आधार नाही.

आकडा बरोबर आला, तरी प्रश्न संपत नाही. त्या आकड्याने माणूस बरा होतो का? याचं मोलाचं उदाहरण भारतातच आहे. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत 'एम-वेलकेअर' या प्रणालीची चाचणी झाली. परिचारिका टॅबलेटवर रुग्णाची माहिती भरते, प्रणाली डॉक्टरांना उपचार सुचवते आणि पुढच्या तपासणीची आठवण ठेवते. साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते. चाचणीत रुग्णांचा रक्तदाब खाली आला. एवढंच छापलं असतं तर मोठा मथळा झाला असता. पण संशोधकांनी निम्म्या केंद्रांत ही प्रणाली दिलीच नव्हती. तिथे प्रशिक्षित परिचारिका आणि आहार-व्यायामाची माहितीपत्रकं होती. तिथल्या रुग्णांचा रक्तदाबही खाली आला आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. २०१९ मध्ये हे निष्कर्ष जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. आपल्याच प्रणालीबद्दल इतकं सरळ लिहिणाऱ्यांचे आभार मानायला हवेत. तुलनेचा गट नसता, तर परिचारिकांच्या कष्टाचं श्रेय टॅबलेटला गेलं असतं.

सगळंच डिजिटल पोकळ असतं, असं मुळीच नाही. छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय दाखवणारी सॉफ्टवेअर घ्या. त्यातलं एक मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं आहे. ढाक्यात सुमारे २४ हजार लोकांच्या एक्स-रेवर अशा पाच सॉफ्टवेअरची रेडिओलॉजिस्टांशी तुलना झाली. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या तपासणीत अशा सॉफ्टवेअरच्या वापराची शिफारस केली. जाहिरात करून नव्हे, परीक्षा देऊन मिळालेली ही जागा आहे.

भारतातही एप्रिल २०२० पासून रोगनिदान किंवा उपचारासाठी असलेलं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याखाली येतं. 'फक्त फिटनेससाठी' अशी बारीक अक्षरातली ओळ दिसली, तर निर्माता वैद्यकीय जबाबदारी घेत नाही हे समजून घ्यावं. तुलना कशाशी केली, कुणावर केली आणि मोजणारे कंपनीबाहेरचे होते का, हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

घरात मधुमेही माणूस असेल, तर एक गोष्ट आजच तपासा. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. अशा आकड्यावर इन्शुलिनचं प्रमाण ठरवू नका. त्यासाठी ग्लुकोमीटरची पट्टीच वापरा.