स्पर्धेच्या दिवशी ७११० मोकळं ठेवा
ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार म्हणजे हॅम (हौशी रेडिओ) मंडळींची मोठी स्पर्धा, सीक्यू वर्ल्ड वाइड. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, ४८ तास चालते. "फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू" एवढंच बोलायचं (सिग्नल उत्तम, मी झोन २२ म्हणजे भारतातून) आणि लगेच पुढचं स्टेशन पकडायचं. भन्नाट मजा येते!

अडचण जागेची. ४० मीटरच्या पट्ट्यावर आपल्याला ७००० ते ७२०० किलोहर्ट्झच मिळतात आणि आवाजाचा एक सिग्नल जवळपास ३ किलोहर्ट्झ खातो. निवांत गप्पा मारायच्या असतील तर १७ किंवा १२ मीटरवर जा. तिथे स्पर्धा न घेण्याचा संकेत जगभर पाळला जातो. जवळच्यांसाठी २ मीटर आहेच.

स्पर्धकांनो, ७११० किलोहर्ट्झ ही आपल्या विभागात आपत्कालीन संपर्कासाठी ठरलेली जागा आहे. धाराशिवकरांना तिचं मोल वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं किल्लारी, सास्तूर हादरलं, तेव्हा बाहेर निरोप पोचवायला हॅमच धावले होते. म्हणून ७११०वर सीक्यू (सर्वांसाठीची हाक) पुकारूच नका. इतरत्रही आधी ऐका, "फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का?" असं दोनदा विचारा, मगच पुकारा.